शेततळ्यातला मासा कोणत्या खात्याचा?

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग
आणि
मा. आयुक्त, कृषी विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आपणा दोघांना एकत्र लिहिते आहे, कारण वेगवेगळं विचारून झालेलं आहे. शेततळ्यात मासे सोडायचे म्हणून मी आधी एका कचेरीत गेले. तिथे म्हणाले, तळं आमच्या योजनेतलं खरं, पण मासे आमच्याकडे येत नाहीत. त्यांनी दुसरीकडे पाठवलं. तिथे विचारलं, तलाव ठेक्याने घेतलाय का? संस्थेचे सभासद आहात का? क्षेत्र किती हेक्टर? मी म्हटलं, नऊ गुंठे. समोरच्या माणसाने पेन खाली ठेवलं. त्यांचा दोष नव्हता, त्यांच्या पुढ्यातल्या अर्जात गुंठ्यांचा रकानाच नव्हता. शेततळ्यातला मासा नक्की कोणत्या खात्याचा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

मी मराठवाड्यातल्या मोसंबीच्या पट्ट्यातली शेतकरी. आमची पावणेपाच एकर जमीन. त्यात अडीच एकर मोसंबी, बाकी तूर, ज्वारी, हरभरा आणि घरापुरता भाजीपाला. २०१४ पासून आमच्या वावरात रासायनिक खत आणि विषारी फवारणी नाही. आसपासच्या गावांतल्या १४ शेतकऱ्यांचा आमचा गट आहे, पीजीएस (सहभागी हमी) पद्धतीने आम्ही एकमेकांची शेतं तपासतो. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे लिहिणार आहे ते एकटीचं नाही. गटातल्या सहा जणांकडे शेततळी आहेत आणि चार जणांनी मासे सोडून पाहिले आहेत.

आमचं तळं २०१८ च्या उन्हाळ्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून खोदलं. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. सरकारी तक्त्याप्रमाणे २,१९६ घनमीटर पाणी, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. अनुदान ५० हजारांपर्यंत आणि प्लास्टिकचा कागद ज्याचा त्याने घालायचा. तो आम्ही सोसायटीचं कर्ज काढून अंथरला. खोदाईचा मुरूम बांधावर चढत होता त्या दिवशी सासरे सबंध वेळ लिंबाखाली गप्प बसून होते. त्या नऊ गुंठ्यांत त्यांच्या वडिलांनी ज्वारी काढलेली. त्या साली पावसाळा मराठवाड्याला कोरडाच गेला. तळं अर्धंच भरलं, पण तेवढ्या पाण्यावर पुढच्या उन्हाळ्यात बाग जगली. मग सासऱ्यांनीच तळ्याच्या बांधावर शेवगा लावला.

बाग जगली तरी त्या नऊ गुंठ्यांनी वर्षाला आपलं म्हणून काही द्यावं, हा विचार मनातून जाईना. सेंद्रिय शेती करणाऱ्याला दुसऱ्या उत्पन्नाची निकड इतरांहून थोडी अधिकच असते. मोसंबीला फळगळ लागली की औषधांचा मारा करून फळ झाडावर धरून ठेवायची वाट आम्ही आपण होऊन बंद केलेली आहे. तूर शेंगअळीने नेली तर नेली. अशा वेळी घरात चार पैसे दुसऱ्या वाटेने यायला हवेत. कोणी शेळ्या धरतं, कोणी कोंबड्या. आमच्याकडे पाणी होतं, जुलैपासून मार्चपर्यंत नुसतं उभं असलेलं आणि ऊन खाणारं. कटला, रोहू, मृगळ या आपल्या माशांना असंच कोमट पाणी मानवतं. २५ ते ३२ अंशांत ते झपाट्याने वाढतात.

पहिल्या वर्षी आम्ही फसलो. गाडीवर डबे घेऊन फिरणाऱ्या एका बीजवाल्याकडून दोन हजार नग घेतले. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, म्हणून घेतली, निघाली जिऱ्याहून, म्हणजे अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांहून, जरा मोठी, बोटाच्या पेराएवढीही नव्हती. भर दुपारी, तापलेल्या पिशवीतून थेट तळ्यात ओतली. पिशवी आधी वीस-पंचवीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगू द्यायची, दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं होऊ द्यायचं आणि मग तोंड उघडायचं, हे सांगायला कोणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत काठाला मेलेल्या पिल्लांची पांढरी रेघ आली. जी वाचली त्यांत चिलापी, म्हणजे परदेशी तिलापिया, मिसळलेली होती. उजनीच्या पाण्यात या माशाने काय केलंय ते आपणास माझ्याहून जास्त ठाऊक आहे. चार महिन्यांत तळ्यात तळहाताएवढ्या चिलापीची गर्दी झाली आणि रोहू-कटल्याचं अन्न तिनेच फस्त केलं. उन्हाळ्यात तळं आटवूनच ती काढावी लागली.

दुसऱ्या वर्षीची चूक माझी स्वतःची. ती जरा सविस्तर सांगते, कारण सेंद्रिय शेतकरी हीच चूक करणार आणि कोणत्याही माहितीपत्रकात तिचा उल्लेख मला सापडला नाही. माशाच्या तळ्यात शेण घालतात, त्याने पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात आणि मासे ते खातात, एवढं मी वाचलं होतं. मग मनात आलं, शेण चालतं तर जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं आंबवण) का नाही? बागेला देतो तेच देऊ. सप्टेंबरात दोनशे लिटरची टाकी तळ्यात सोडली, आठवड्याने आणखी एक. पाणी हिरवंगार झालं आणि मला वाटलं, छान लागू पडलं. पुढे तीन दिवस आभाळ भरून राहिलं, ऊन नाही. तिसऱ्या पहाटे साडेपाचला मी तळ्यावर गेले. सबंध पाण्यावर तोंडं होती. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, ते शेकड्यांनी उघडमीट करत होते आणि चपचप असा आवाज येत होता. मी काठावर आले, टाळी वाजवली, तरी एकही मासा खाली गेला नाही.

त्या वेळी मला कारण माहीत नव्हतं, आज माहीत आहे. जीवामृतातला गूळ आणि बेसन कुजवायला जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तो ते पाण्यातूनच ओढतात. दिवसा हिरवं शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. त्यात तीन दिवस ऊन नाही. म्हणजे पहाटेच्या वेळी पाण्यात श्वासाला काही उरतच नाही. बागेच्या मातीत जे अमृत, ते तळ्यात घातलं की मासा गुदमरतो. मी धावत जाऊन विहिरीची मोटर चालू केली, पाइप उंच धरून तळ्यात फवारा सोडला आणि नवऱ्याला उठवून दुसऱ्या मोटरने तळ्याचंच पाणी उचलून पुन्हा तळ्यात पाडलं. ऊन येईपर्यंत आम्ही दोघं पाइप धरून उभे होतो. निम्मे वाचले. मेलेले मासे मोसंबीच्या बुडांत पुरले.

तेव्हापासून पहाटेची फेरी मी चुकवत नाही. कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा, बोटं अंधुक दिसली तर ठीक. मनगटापाशीच हात दिसेनासा झाला तर पाणी फार दाट झालं, खत आणि खाद्य बंद. याला ना यंत्र लागतं, ना खर्च. कृषी सहायकाला हे एका दुपारात शिकवता येईल आणि तो गावागावांत सांगेल. तसंच निंबोळी अर्क आणि दशपर्णी अर्क हे किडीवर आमचे रोजचे, पण मासा ते सोसत नाही. आमच्याकडे आता तळ्याच्या बांधावर फवारणीचा पंप भरायचा नाही आणि धुवायचा तर नाहीच, असा नियम आहे. शेजारच्या कपाशीवरच्या फवारणीचं भय तर कायमच. सायपरमेथ्रिनसारखं औषध माशाला फार थोड्या मात्रेतही मारतं. त्या बाजूच्या बांधाला आम्ही गवत आणि तुरीची दाट ओळ ठेवली आहे.

तिसऱ्या वर्षी जमलं. ६०० बोटुकली सोडली, या वेळी खात्रीच्या ठिकाणाहून, नीट मोजून. कटला आणि रोहू जास्त, मृगळ थोडा, कारण मृगळ तळाच्या चिखलात खातो आणि प्लास्टिकच्या तळ्यात चिखलच नसतो. आंध्रातले मासे पाळणारे भोकं पाडलेल्या पोत्यात खाद्य भरून ती पाण्यात टांगतात, तसं आम्ही केलं. तळ्यावर दोर ताणून त्याला बांबू टांगले, टोकं कागदाला लागणार नाहीत असे. बांबूवर बुळबुळीत हिरवा थर धरतो आणि रोहू तो खरवडून खातो. खाद्य म्हणजे गावातल्या घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड, गव्हाचा कोंडा आणि घरची तुरीची चुनी. आमच्या भागात सगळ्यात स्वस्त असते ती सरकी पेंड. पण ती बीटी कपाशीची, सेंद्रिय शेतात ती चालत नाही, म्हणून सोडली.

मार्चमध्ये मासे काढले ते साधारण २८५ किलो. तळ्यावरच विकले. सगळा खर्च जाऊन हाती २५ हजारांच्या आसपास राहिले. मोठी रक्कम नाही, मी वाढवून सांगत नाही. पण त्याच वर्षी मोसंबीचा भाव पडला होता आणि मुलीची वसतिगृहाची फी त्याच पैशांतून गेली. शिवाय माशांचं पाणी ठिबकमधून बागेला जातं. त्या पाण्यात माशांच्या विष्ठेचं नत्र असतं. ज्या ओळींना हे पाणी आधी पोचतं त्यांच्या पानांचा रंग मी रोज पाहते. फिल्टर मात्र रोज सकाळी उलटा धुवावा लागतो, नाहीतर शेवाळ नळ्यांत जातं आणि ड्रिपर बंद पडतात. हे कामही पत्रकात लिहिलं पाहिजे, कारण मासे सोडल्यावर ठिबक तुंबलं की माणूस माशांनाच शिव्या देतो.

आता मुख्य गोष्ट. मासे किती वाढले, यापेक्षा ते का वाढले नाहीत, ते बघा. २८५ किलो म्हणजे सरासरी मासा पाऊण किलोचा. तो किलो-सव्वा किलोचा व्हायला हवा होता. कारण आमच्या कॅलेंडरात आहे. आपल्या कार्प माशांची, म्हणजे कटला, रोहू, मृगळ यांची, वीण पावसाळ्यात होते. जून-जुलैत जिरे निघतं, ते वाढून बोटुकली आमच्या हातात यायला सप्टेंबर संपतो. ऑक्टोबरात थोडं ऊब असलेलं पाणी मिळतं. मग थंडी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आमच्या तळ्याचं पाणी १८ अंशांपर्यंत उतरलेलं मी थर्मामीटरने पाहिलं आहे. त्या दिवसांत मासा पोत्याकडे फिरकतही नाही. फेब्रुवारीत पाणी पुन्हा तापायला लागतं, माशाला भूक लागते आणि नेमकं तेव्हाच मोसंबीच्या आंबे बहाराला (हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याला) पाणी द्यावं लागतं. मार्चअखेर तळ्यात चार-साडेचार फूट पाणी उरतं, दुपारी ते तापतं आणि मासे काढण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणजे माशाच्या वाढीचे आठ महिने कागदावर दिसतात, खरे हातात येतात जेमतेम चार.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. आंध्रातल्या कोलेरू भागात वर्षानुवर्षं वापरतात. आदल्या पावसाळ्यातलं बीज लहान तळ्यात दाटीने, अर्धपोटी ठेवायचं. वर्षभर ते फार वाढत नाही, वीतभर होऊन थांबतं. पुढच्या जुलैत तेच मासे मोकळ्या, भरल्या पाण्यात सोडले की अडवून धरलेली वाढ एकदम भरून काढतात. मोठं असल्यामुळे बगळा-खंड्याच्या तोंडी कमी जातं, मरतुकही कमी. आम्हाला हे बीज जुलैत मिळालं तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे चार उबदार महिने सबंध मिळतात, फेब्रुवारी-मार्च वर. आमच्यासारख्या उन्हाळ्यात आटणाऱ्या शेततळ्याला दुसरं बीज उपयोगाचंच नाही. हे एवढं एक जरी आपण केलंत, तरी मराठवाड्यातल्या आणि नगर-सोलापुरातल्या कितीतरी रिकाम्या तळ्यांत मासा जगेल.

यासाठी नवी इमारत बांधायला मी सांगत नाही. आमच्या गटातल्या एका काकांच्या विहिरीला मेमध्येही पाणी असतं. त्यांनी तीन गुंठ्यांचं मातीचं तळं द्यायची तयारी दाखवली आहे. आपण ऑगस्टमध्ये खात्रीच्या मातृसाठ्याचं (विणीसाठी राखलेल्या माशांचं) बीज द्या, त्याच्या पिशवीवर जात, वय, नग आणि कुठून आलं ते लिहिलेला कागद असू द्या आणि महिन्याला एकदा आपला माणूस येऊन पाहून जाऊ द्या. बाकी वर्षभर सांभाळणं आमच्याकडे. पुढच्या जुलैत काका गटाला मोजून देतील आणि त्याचे पैसे घेतील. प्रत्येकाला लागणार ३०० ते ६०० नग. आज हजाराच्या आत कोणी नग द्यायलाच तयार होत नाही, त्यामुळे लहान तळ्यात दाटी होते आणि मग मासे वाढले नाहीत म्हणून लोक नाद सोडतात.

दरवर्षी १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो. १९५७ साली त्याच तारखेला ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी कार्प माशांची प्रेरित वीण करून दाखवली. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागायचं, त्यात नको ते मासे मिसळून यायचे. त्या एका प्रयोगाने देशभर तळी माशांनी भरली, हे मी कृतज्ञतेने लिहिते. त्या दिवशी कार्यक्रम होतात, फेटे बांधले जातात. त्याच दिवशी प्रत्येक तालुक्यात लहान तळेवाल्यांना अशी वर्षभर सांभाळलेली बोटुकली वाटली, तर त्या तारखेला आमच्याकडे तळ्यांत पाणी यायला लागलेलं असतं.

याच प्रयोगातून आम्हा सेंद्रियवाल्यांचा एक पेच निघतो आणि त्याचं उत्तर आम्हाला लेखी हवं आहे. प्रेरित वीण म्हणजे माशाला संप्रेरक टोचून वीण घडवणं. बाजारात मिळणारं रोहू-कटल्याचं जवळजवळ सगळं बीज असंच तयार होतं. युरोपीय संघाच्या सेंद्रिय मत्स्यपालनाच्या नियमांत संप्रेरकांना मनाई आहे. कार्प माशांच्या तळ्याचा तळ नैसर्गिक मातीचाच हवा, असंही तिथे लिहिलेलं आहे. म्हणजे आमचं प्लास्टिकचं तळं त्या मापाने बादच. आपल्याकडे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात मत्स्यपालनाचे निकष आहेत, पण ते पाळून तिऱ्हाईत संस्थेकडून प्रमाणपत्र घेणं नऊ गुंठ्यांना परवडत नाही. आमच्या पीजीएस गटाच्या कागदांत पीक आहे, जनावर आहे, पण तळ्यातल्या माशाला कुठे बसवायचं ते आजवर आम्हाला कोणी सांगू शकलेलं नाही.

मी आमचा मासा ‘सेंद्रिय’ म्हणून विकत नाही. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगते, खाद्य घरचं आहे, औषध नाही, पण प्रमाणपत्र मोसंबीचं आहे, माशाचं नाही. कोणालाही फसवायचं नाही, यावर गटात एकमत आहे. पण नियम नसला की त्याचा फायदा भलतेच घेतात. कोंबड्यांच्या कत्तलखान्यातला टाकाऊ माल खाऊ घालून वाढवलेला मासाही ‘गावरान, नैसर्गिक’ म्हणून विकला जातो. परदेशी मागूर तर देशात बंदी असताना चोरून पाळला गेला आणि आपल्या खात्याला तो पकडून नष्ट करावा लागला. म्हणून विनंती अशी, की शेततळ्यातल्या माशासाठी मराठीत दोन पानांचे सोपे नियम काढा. बीज कोणतं चालेल, प्लास्टिक असेल तर काय करायचं, कोणती पेंड चालेल, कोणती नाही, आजारात चुना-मीठ-हळद यापुढे काय वापरता येईल आणि वापरलं तर किती दिवस विकायचं नाही. नियम कडक असले तरी चालतील, ते आहेत एवढं आम्हाला कळू द्या.

विक्रीबद्दल थोडं. आमच्या गटात पाच जण माळकरी आहेत. पहिल्या बैठकीत मासे हा शब्द काढला तेव्हा काही काळ कोणी बोललं नाही. माझ्या सासूबाईंच्याही गळ्यात माळ आहे. त्या म्हणाल्या, आपल्या वावरातला जीव उपाशी आणि घाण पाण्यात ठेवायचा नाही, एवढं पाळणार असशील तर पाळ. त्यानंतर कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही. एका माळकरी काकांनी मासे सोडले आणि ते तळ्यावरच भोई समाजातल्या एका कुटुंबाला देऊन टाकतात, घरात आणत नाहीत. पाणी स्वच्छ राहतं आणि बागेला खत मिळतं, त्यांना तेवढं पुरतं. सेंद्रिय शेतकऱ्यांना मासे सांगताना खात्याच्या माणसाला ही जाण हवी. सभेत ताटातल्या माशांची चित्रं दाखवून सुरुवात केली तर निम्मे लोक उठून जातील आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आणि भोई बांधवांशिवाय हे काम होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. पहिल्यांदा आम्ही स्वतःच ओढजाळं लावलं. जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या असतात, त्या प्लास्टिकवरून घासत गेल्या आणि कागद दोन ठिकाणी फाटला. दोन दिवसांत तळं हातभर उतरलं. मग धरणाकाठच्या वस्तीवरून एक काका आले. त्यांनी गोळ्यांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, फेकजाळं दोनदा टाकून माशांचा अंदाज घेतला आणि सकाळी थंड वेळात दोन तासांत काम उरकलं. त्यांच्या हातात पिढ्यांचं ज्ञान आहे, पण मोठ्या तलावांच्या ठेक्यांत त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती काही लागत नाही. शेततळ्यांची योजना काढाल तेव्हा मासे काढणं, बीज सांभाळणं आणि विकणं यांत त्यांचा मोबदला आधी ठरवा. आमच्या माशांमुळे त्यांचा बाजार पडता कामा नये. आमचा मासा मार्चमध्ये निघतो. तो एका दिवशी सगळ्यांनी न काढता गावांनी आळीपाळीने काढला तर त्यांनाही महिनाभर काम राहील.

योजनांबद्दल एवढंच, की प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्के अनुदान आहे हे चांगलं आहे, पण अर्ज हेक्टरच्या हिशेबाने विचार करतो. मला नवं तळं नको आहे, तळं आहे. मला जाळं, खाद्याची पोती, एक लहान वायुमिश्रक, थर्मामीटर आणि बीज एवढंच हवं. आणि उद्दिष्ट पूर्ण करायला आम्हाला बायोफ्लॉकच्या, म्हणजे दाटीने मासे वाढवण्याच्या, टाक्या घ्यायला लावू नका. त्यात चोवीस तास हवा सोडावी लागते, आमच्याकडे शेतीची वीज आठ तास येते आणि त्यातली अर्धी रात्री.

प्लास्टिकच्या तळ्यात दरवर्षी माणसं बुडून मरतात, लहान मुलं जास्त. उतार इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. मासे सोडले की मुलं हमखास काठावर येणार. म्हणून तारेचं कुंपण, चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेल्या दोन ट्यूब, यांशिवाय कोणालाही बीज देऊ नका. ही अट कितीही जाचक वाटली तरी ठेवा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत मासे पाळणाऱ्याला शेतकऱ्यासारखं वागवायचं, असा त्याचा अर्थ आम्ही घेतला आणि आनंद झाला. त्या निर्णयाची दुसरी बाजूही तितकीच खरी मानावी, एवढीच माझी मागणी आहे. मासा शेती असेल, तर शेततळ्यातला मासा हा त्या शेताचाच भाग आहे. सातबाऱ्यावरच्या पिकासारखा तो नोंदवता यावा, गावातल्या कृषी सहायकाला त्याची प्राथमिक माहिती असावी आणि त्याला अडलं तर त्याने मत्स्यव्यवसाय खात्याच्या कोणत्या माणसाला फोन करायचा, ते नाव पंचायतीच्या फलकावर असावं. आपल्या दोन्ही खात्यांनी मिळून एक पान काढलं तरी हे होईल.

यंदा जूनअखेर आम्ही तळं धुऊन, कागदाची भोकं बुजवून ठेवणार आहोत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीला पाणी आलं की भरायला घेऊ. आमच्या गटाला सहा तळ्यांसाठी वर्षभर सांभाळलेली अडीच हजार बोटुकली हवी आहे, कटला हजार, रोहू हजार, मृगळ पाचशे. कागद आणि पैसे तयार आहेत. आपण किंवा आपला कोणी माणूस पाहायला येणार असाल तर सप्टेंबरात, आभाळ भरलेलं असताना या आणि पहाटे साडेपाचला तळ्यावर या. चहा बांधावरच होईल.

आपली,
मराठवाड्यातली एक सेंद्रिय शेतकरी
(गटातल्या १३ सहकाऱ्यांच्या संमतीने)